पहिली भेट फर्स्ट क्लास, चौथा महिना काठावर पास : कोकणातल्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्या भेटीला १० पैकी ८, चौथ्या महिन्याला १० पैकी ४. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जी सेवा मिळते, म्हणजे सिव्हिलची मनोविकार ओपीडी, तालुक्याचं महिन्याचं शिबिर, औषधाची खिडकी आणि १४४१६ ही फोनवरची मदतवाहिनी, त्यातली माणसं बहुतेक ठिकाणी कामाची आहेत. डॉक्टर ऐकून घेतात, सोशल वर्कर पत्ता नीट लिहून घेतो, खर्च एसटीच्या तिकिटाएवढा. सेवा मोडते ती नंतर. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा वारंवार येणारं नैराश्य हे महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षं चालणारे आजार आहेत आणि ही सेवा अजून पहिल्या भेटीचे आकडे मोजण्यात खूश आहे.

पार्श्वभूमी दोन ओळींत. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात करून पाहिलेली रचना घेऊन १९९६ मध्ये देशातल्या ४ जिल्ह्यांत जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. मूळ कल्पना साधी आणि चांगली होती : माणसाला लांबच्या मनोरुग्णालयात नेऊन ठेवण्यापेक्षा औषध आणि सल्ला त्याच्या तालुक्यात आणायचा. आजारी असून उपचारांपर्यंत न पोचणाऱ्यांचं प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे भाषणात कोणी याच सर्वेक्षणाचा हवाला देऊन कोकणाची टक्केवारी फेकली तर ती खिशात घालू नये.

आता ओपीडी. केसपेपर काढण्याची रांग सगळ्यांना एकच असते, म्हणून पहिली एसटी पकडून लवकर पोचलेलं बरं. सोबत घरातला असा माणूस हवा जो पेशंटबरोबर रोज राहतो. मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला भाऊ नव्हे. त्याला झोप किती तास, जेवण कसं, दारू किती, एकटं बोलणं कधीपासून, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का, हे सांगता आलं पाहिजे. आधीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत टाकून न्याव्यात. "एक पिवळी आणि एक छोटी" यावरून कोणताही डॉक्टर औषध ओळखू शकत नाही.

पहिली मुलाखत नीट घेतली तर अर्धा-पाऊण तास जातो. चांगल्या डॉक्टरची खूण सोपी. तो थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन तपासायला सांगतो, दारूबद्दल आडपडदा न ठेवता विचारतो आणि जीव द्यावासा वाटतो का हेही सरळ विचारतो. (विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे.) नैराश्यासाठी ९ प्रश्नांचा एक तक्ता वापरतात, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले की लक्ष घालायचं, २० किंवा जास्त म्हणजे तीव्र. तक्ता चांगला, पण गर्दीच्या दिवशी तो सासूसमोर सुनेला मोठ्याने वाचून दाखवला जातो. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. सासूसमोर त्याचं उत्तर कायम "नाही" असतं आणि एकूण गुणही मग तसेच खोटे येतात. नातेवाइकांना ५ मिनिटं बाहेर बसवा, असं आपण होऊन सांगावं, डॉक्टर ऐकतात.

तालुक्याचं शिबिर म्हणजे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातली एक खोली, महिन्यातून ठरलेल्या वारी. जिल्ह्याच्या टीमची गाडी येते, टेबल लागतं. खोलीच्या दाराशीच रांग असल्याने आतलं बोलणं बाहेरच्या बाकावर स्पष्ट ऐकू येतं आणि वाडीतली निम्मी माणसं त्याच बाकावर बीपीच्या गोळ्यांसाठी बसलेली असतात. यावर खर्च शून्य आणि फरक मोठा असा उपाय आहे : शिबिर बीपी-शुगरच्या ओपीडीबरोबरच, पण रांगेपासून लांबच्या खोलीत ठेवायचं आणि दारावर वेगळी पाटी लावायची नाही. ज्या ठिकाणी हे केलं जातं तिथे बायका एकट्या येतात. बाकी ठिकाणी त्या भावाला किंवा नवऱ्याला घेऊन येतात आणि काही बोलत नाहीत.

शिबिरातली खरी गोम मात्र कॅलेंडरात आहे. समजा शिबिर दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. दोन दुसऱ्या मंगळवारांत कधी २८ दिवस असतात, कधी ३५. गोळ्या मिळतात ३० दिवसांच्या. म्हणजे वर्षातून काही वेळा ५ दिवसांचं भगदाड ठरलेलंच. मधला एखादा वार गणपतीत, शिमग्यात किंवा सरकारी सुट्टीत गेला की अंतर ५६ नाहीतर ६३ दिवसांवर जातं. त्यात आंब्याचा हंगाम. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे संपेपर्यंत बागेतला माणूस पेटी सोडून तालुक्याला येत नाही, हे ज्याने कोकणात एक उन्हाळा काढलाय त्याला सांगावं लागत नाही. खलाशांचं उलट. १ जूनला मासेमारी बंद झाली की ते घरी सापडतात, पण तेव्हा घाटरस्ते आणि पऱ्ये (ओढे) आपल्या मर्जीने चालू असतात.

५ दिवसांनी काय बिघडतं? ते गोळीवर अवलंबून. एस्सिटालोप्रामसारखी नैराश्याची गोळी अचानक तुटली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं. माणसाला वाटतं आजार उलटला. क्लोनाझेपाम, लोरॅझेपाम, अल्प्राझोलाम बरेच महिने घेऊन एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीचं सगळ्यात वाईट. २ दिवसांच्या वर खंड पडला तर जुना डोस तसाच सुरू करायचा नसतो, पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं, नाहीतर रक्तदाब कोसळून माणूस जमिनीवर. घरच्यांना हे सांगितलेलं नसतं. ते पाच दिवसांनी गोळ्या मिळाल्या की पहिल्यासारख्या तीन देतात.

औषधाच्या खिडकीवर थोडं थांबू. पट्टीतल्या १० पैकी ६ गोळ्या द्यायच्या तर कात्रीने पट्टी कापतात. नाव आणि मुदतीची तारीख चार गोळ्यांच्या तुकड्यावर राहते, हातात येतात सहा निनावी गोळ्या. कागदी पाकिटावर पेनाने "१-०-१". पुढच्या महिन्यात रिस्पेरिडोन १ मिलिग्रॅमचा साठा संपलेला असतो, २ मिलिग्रॅमची गोळी येते, पाकिटावर पुन्हा तेच "१-०-१". डोस दुप्पट झाला हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही. आठवड्याभरात मान ताठ, लाळ, हात थरथरतात, आणि "सरकारी गोळ्यांनी पोर लाकूड झालं" ही बातमी वाडीत पोचते. म्हणून खिडकी सोडण्याआधी प्रत्येक पाकिटावर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम लिहून घ्यायचंच. फार्मासिस्ट कुरकुरतो, पण लिहितो. पूर्ण पट्टीचा आणि केसपेपरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवला तर पेशंट नोकरीसाठी किंवा भावाकडे मुंबईला गेला तरी केईएम, सायन, नायर किंवा जेजेच्या मनोविकार ओपीडीत उपचार पुढे चालू राहतात.

कोकणी पावसाचा वेगळा हिशेब. सोडियम व्हॅलप्रोएट हवेतला ओलावा शोषून घेतं. सोय म्हणून पट्टीतून काढून डबीत भरलेल्या गोळ्या जुलैत चिकट होतात, फुगतात. घेण्याच्या क्षणापर्यंत पट्टीतच ठेवाव्यात. (याच औषधाबद्दल दुसरं : मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते शक्यतो देऊ नये, गर्भाला धोका असतो. दिलं असेल तर डॉक्टरांशी बोलायचं, पण आपल्या मनाने बंद करायचं नाही.)

लिथियम हे बायपोलरसाठी उत्तम आणि स्वस्त औषध, पण त्याची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मध्ये ठेवावी लागते, १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. मे महिन्यात घामाने पाणी गेलं, जुलाब झाले, की पातळी चढते. भातलावणीत चिखलात उभ्या माणसाला ताप येतो, अंग मोडून येतं, गावातला डॉक्टर डायक्लोफेनॅकची सुई देतो, त्यानेही चढते. आणि तो ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला जंतुसंसर्ग) निघाला तर मूत्रपिंडच आजारी, मग लिथियम बाहेर पडायचं कुठून? हात जोरात थरथरणं, उलट्या, दारू प्यायल्यासारखी चाल दिसली की गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लिथियम घेणाऱ्याच्या खिशात तशी चिठ्ठी असावी. पातळीच्या तपासणीतही एक नेहमीची चूक होते : रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी काढायचं असतं. रात्री ९ ला गोळी, सकाळी ९ ला रक्त, सकाळची गोळी त्यानंतर. पेशंट शहाण्यासारखी सकाळची गोळी घेऊन येतो, आकडा खोटा वाढलेला दिसतो आणि विनाकारण डोस कमी होतो.

क्लोझापिनवाल्यांचंही पावसाशी वाकडं. या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग वर्षापर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला रक्त तपासतात. ऑगस्टमध्ये कोकणात प्रत्येक ताप लेप्टो, डेंग्यू नाहीतर मलेरियाच्या खात्यात जमा होतो. क्लोझापिन घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा धरला, तर त्याच दिवशी पेशींची तपासणी. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

या सगळ्यात आम्हांला सर्वांत पटलेला प्रकार म्हणजे स्किझोफ्रेनियासाठीचं, फ्लुफेनाझिनचं दीर्घकाळ टिकणारं इंजेक्शन. साधारण २५ मिलिग्रॅम, २ ते ४ आठवड्यांतून एकदा, कमरेत खोल. पहिल्यांदा १२.५ देऊन बघतात. आठ-दहा दिवस ट्रॉलरवर जाणारा तांडेल (बोटीचा म्होरक्या) किंवा "आता बरो झालो मा, मगे औषद कित्याक?" म्हणून गोळ्या नारळाच्या बुंध्यात टाकणारा माणूस, दोघांनाही हे सोयीचं. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातली नर्सबाई देऊ शकते, शिबिराची वाट बघायला नको. तरी ते फारसं वापरलं जात नाही, कारण साठा जिल्ह्यातच अडकून राहतो. या इंजेक्शनने मान किंवा डोळे वर ओढले गेले तर घाबरायचं नाही, उतारा त्याच दवाखान्यात असतो.

औषधाच्या बाबतीत कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. कलम १८ प्रमाणे आवश्यक यादीतली मनोविकारावरची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी दवाखान्यांत सर्व वेळ मोफत मिळाली पाहिजेत. "सर्व वेळ" म्हणजे शिबिराच्या मंगळवारीच नव्हे. जिल्ह्याहून टीम येईल तेव्हाच कपाट उघडतं, असं सांगणाऱ्या खिडकीवर हे कलम शांतपणे उच्चारून बघावं. मे अखेरच्या शिबिरात दोन महिन्यांचा साठा मागावा. स्थिर पेशंटला तो द्यायला हरकत नसते. अपवाद एकच : जीव देण्याचा धोका असलेल्याच्या हाती दोन महिन्यांच्या गोळ्या नकोत. तिथे घरच्या माणसाने कुलपात ठेवून रोजच्या रोज द्यायच्या. बागेच्या फवारणीचं औषधही त्याच कुलपात.

समुपदेशनाला १० पैकी ३. मानसतज्ज्ञ जिल्ह्याला, शिबिरात महिन्यातून एकदा भेट, तीही दहा मिनिटांची. महिन्यातून दहा मिनिटांत समुपदेशन होत नाही, चौकशी होते. आणि गंमत म्हणजे याचं उत्तर बांद्याच्या तपासणी नाक्यापलीकडेच सापडलेलं आहे. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून नैराश्यासाठी ६ ते ८ बैठका घेतल्या गेल्या आणि त्याचा उपयोग होतो हे २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. त्या बैठकांत काय करतात? बंद पडलेल्या रोजच्या कामांतलं एक छोटं काम ठरवायचं, आठवडाभर करायचं, मूडवर काय फरक पडला ते लिहायचं, पुढचं काम ठरवायचं. आशाताई हे शिकू शकतात. पण आशाताईंच्या डोक्यावर आधीच इतकी रजिस्टरं आहेत की वेगळा मोबदला न देता हे लादलं तर आणखी एक रजिस्टर तेवढं भरेल.

श्रीलंकेचं उदाहरणही आपल्या किनाऱ्याला लागू पडतं. २००४ च्या त्सुनामीनंतर आलेला पैसा आणि माणसं त्यांनी केवळ तात्पुरत्या तंबूंत संपवली नाहीत. २००५ मध्ये मानसिक आरोग्याचं धोरण केलं, कमी काळाचं प्रशिक्षण दिलेले एमबीबीएस डॉक्टर जिल्ह्याजिल्ह्यांत बसवले आणि त्सुनामीआधी २७ पैकी १० जिल्ह्यांत असलेली व्यवस्था २० जिल्ह्यांत नेली. इकडे निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० चं, चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड जुलै २०२१ ची, इर्शाळवाडी जुलै २०२३ ची. आपत्तीनंतर समुपदेशकांची धावाधाव होते, फोटो निघतात आणि महिन्याभरात सगळं ओसरतं. त्यात "काय झालं ते सगळं सांगून मोकळं व्हा" असा आग्रह धरणारी एकदाची बैठक तर करूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पहिल्या आठवड्यात खरी यादी वेगळीच लागते : या वाडीत आधीपासून औषधावर कोण होतं आणि कोणाच्या गोळ्या पाण्यात गेल्या. ही यादी ओपीडीच्या रजिस्टरात असते, ते रजिस्टर मदतछावणीत न्यावं लागतं.

अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत गेल्या काही वर्षांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आली, ही मात्र जमेची बाजू. शिकवणारं खातं असलं की ओपीडी एका डॉक्टरच्या रजेने बंद पडत नाही.

१४४१६, म्हणजे टेलिमानस, १० ऑक्टोबर २०२२ पासून. फुकट, २४ तास, भाषा निवडता येते, मराठी आहे. रात्री दोनला घाबरं होऊन बसलेल्या माणसासाठी किंवा दारू सोडायचीय पण कोणाला सांगायचं नाही अशासाठी चांगली सोय. गरज पडली तर पुढे तज्ज्ञाशी जोडून देतात. १० पैकी ७. गुण कापले ते रेंजचे : खाडीकाठच्या आणि सड्याखालच्या गावांत मन मोकळं करायला लागलं की फोन कट होतो. आणि गोळ्या फोनमधून येत नाहीत. कोणी जीव द्यायच्या बेतात असेल तर १४४१६ लावत बसण्याआधी त्याला एकटं सोडायचं नाही आणि १०८ बोलवायची. पोलिस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नये. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही.

भरतीसाठी राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे, १८८६ सालचं. "तिथे टाकलं" हा शब्दप्रयोग जुन्या काळातला. आता माणूस स्वतःच्या इच्छेने दाखल होऊ शकतो आणि तसा गेला तर स्वतः बाहेरही पडू शकतो. त्याला निर्णय घेणं जमत नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (त्याच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं, पुढे वाढवायचं तर नियम आणखी कडक. भूल न देता विजेचा झटका आणि साखळदंड, दोन्हींना बंदी. ही साखळीची बंदी नातेवाइकांनी नीट वाचावी. कोंबडं, कौल, गाऱ्हाणं यांवरून भगताशी भांडण्यात अर्थ नाही. देवाला कौल लावा आणि गोळीही चालू ठेवा, म्हटलं तर बहुतेक घरं ऐकतात. पण भूत उतरवायला मारहाण, दोरीने बांधणं, मिरच्यांची धुरी सुरू झाली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार होते. रेल्वेने येऊन कुठल्यातरी स्टेशनवर उतरलेल्या बेवारस मनोरुग्णाला २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे, मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १००. अशा माणसांना बरं करून घरी पोचवण्याचं काम कर्जतला श्रद्धा पुनर्वसन केंद्र करतं, त्याचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला.

अपंगत्व दाखल्याचं एवढंच : स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चारांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात, त्यात आजाराच्या मुदतीचे मिळवतात. ७ किंवा जास्त झाले की ४० टक्के. तपासणीच्या दिवशी पेशंटला इस्त्रीचे कपडे घालून, पढवून नेऊ नका. तो रोज असतो तसाच दिसला पाहिजे.

औषध नाही असं तोंडी सांगितलं गेलं तर केसपेपरवरच "उपलब्ध नाही" असं तारीख आणि सहीसह लिहून मागायचं. निम्म्या वेळा ही मागणी केल्यावर कपाटातून गोळ्या निघतात. नाही निघाल्या, तर त्या केसपेपरची झेरॉक्स जोडून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज द्यायचा आणि आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घेऊनच जिना उतरायचा.